खंडेनवमीला निघालेला बुश

विमल,

तुझ्याविषयी काही लिहून द्यावे असे तुझ्या शाळेकडून सांगणे आले, तेव्हा तुझे शिक्षण, तुझी नोकरी, तुला मिळालेले मानसन्मान येथपासून मी आरंभ करावा अशी त्यांची अपेक्षा असावी. ते सारे त्यांच्या दप्तरी आहेच. मला तुझ्याशी बोलायचे आहे, आणि बोलता बोलता एक गोष्ट विचारायची आहे. ती मी तुला एवढ्या वर्षांत का विचारली नाही, याचेही मला आता नवल वाटते. आपण दोघे भावंडे एकमेकांना काय काय विचारत आलो! नीरेचे पाणी भीमेत मिसळल्यावर ते नीरेचे राहते का, येथपासून ते मांजर उंचावरून पडले तरी पायांवरच कसे उतरते, येथपर्यंत. हे एवढेच तेवढे राहून गेले.

विचारायचे ते असे. तुझी मोटार राहणार की जाणार, हे अगदी उद्यावर येऊन ठेपलेले असताना, खंडेनवमीच्या सकाळी तू आपले सगळे पाने, हातोडी, पकड, पेचकस धुऊनपुसून माझ्या देव्हाऱ्यापुढे का आणून ठेवलेस? मी तर तुला सूट दिलेली होती.

हे लिखाण इतरही वाचतील, म्हणून तुला ठाऊक असलेलेच थोडे पुन्हा सांगावे लागेल. रागावू नकोस. वर्गात एकच सिद्धान्त तू दरवर्षी नव्याने शिकवत असायचीसच की.

बारामतीच्या शाळेतून पदार्थविज्ञान शिकवून तू निवृत्त झालीस आणि इंदापूरला आमच्याकडे राहायला आलीस, ती ट्रंक घेऊनच. त्या ट्रंकेत भिंगे, लोहचुंबक, लोलक, काचेच्या नळ्या आणि कसल्या कसल्या तारा होत्या. मागोमाग ती जुनी, करड्या रंगाची मोटार आली. दर शनिवारी सकाळच्या शाळेच्या वेळी तू ट्रंक मोटारीत घालायचीस आणि निमगाव केतकीला किंवा त्याच्या आसपासच्या एखाद्या वाडीवरच्या शाळेत जाऊन मुलांना प्रयोग करून दाखवायचीस. ट्रंक एस.टी.च्या टपावर चढवावी तर काच फुटते, आणि सायकलला ती झेपत नाही. म्हणजे मोटार आहे तर शनिवार आहे, असे तुझे गणित होते. रविवारी हीच मोटार मला नरसिंहपूरला दर्शनाला नेत असे. मी देवळात जाई, तू संगमाच्या घाटावर बसून प्रवाहाकडे पाहत असायचीस. परत येताना मी तुला प्रसाद द्यायचो आणि तू मला पाण्याच्या वेगाविषयी काहीतरी सांगायचीस. दोघांचेही मन भरलेले असे.

त्या वर्षी भाद्रपदात मोटार बारामतीहून येताना कालव्याच्या पुलावर चढेना. इंजिन गर्जना करी आणि चाके जागची हलत नसत. मागे एस.टी. उभी, तिच्यामागे ट्रॅक्टर, आणि तू आत. तुला ढकलून पुलापार करण्यात आले. ही वार्ता तुझ्या भाच्यापर्यंत, आमच्या श्रीधरपर्यंत पुण्याला पोचली, आणि त्याने ठरवूनच टाकले की आत्याचे मोटार चालवणे आता पुरे झाले. त्याचे चुकले असेही म्हणवत नाही; त्याचा तुझ्यावर जीव होता, आणि जीव असला की माणसाला पुलावरची एस.टी. फार मोठी दिसू लागते. त्याने गिऱ्हाईकही पाहिले. दसऱ्याला येतो आणि गाडी घेऊन जातो, असे त्याने कोपऱ्यावरच्या टेलिफोनवर कळवले. तो निरोप मीच तुला सांगितला.

तू चहाचा कप खाली ठेवून म्हणालीस, "क्लच गेलाय. माणूस गेल्यासारखं काय बोलताय सगळे?"

"मग गॅरेजला दे," मी म्हणालो.

"गॅरेजवाल्यानं चालू केली तर श्रीधर म्हणेल, पुन्हा बिघडली की आत्या पुन्हा पुलावर उभी. त्याला सांग, दसऱ्याच्या संध्याकाळपर्यंत मी माझ्या हातानं दुरुस्त करून ती रस्त्यावर चालवून दाखवली, तर गाडी माझी. नाही चालली, तर मी स्वतः त्याच्या हातात किल्ली ठेवीन."

तू शब्दाची किती पक्की होतीस, हे मला ठाऊक होते. म्हणून तुझे हे बोलणे ऐकून मला धीर आला नाही, धास्तीच वाटली.

मग आपले अंगण बदलून गेले. मोटारीच्या पुढच्या दोन्ही बैठका काढून तू लिंबाच्या झाडाखाली ठेवल्यास. त्यांतली एक शेजारच्या भिवातात्यांनी तत्काळ ताब्यात घेतली. तात्या माळेगावच्या कारखान्याच्या उसाचा ट्रॅक्टर चालवायचे. गाळप सुरू व्हायला अवकाश होता, म्हणून त्यांना वेळच वेळ. घराण्यात पूर्वी मेंढरे होती, आता थोडी शेती आणि हा ट्रॅक्टर. ते सकाळी येत, मोटारीच्या त्या मऊ बैठकीवर मांडी घालून बसत आणि म्हणत, "बाई, अशी खुर्ची सासुरवाडीला सुद्धा न्हाय मिळाली. गाडी जाऊ द्या, ही तेवढी हितंच ऱ्हाऊ द्या."

आतला मधला पत्रा उचकटून, सप्तमीच्या दिवशी तात्यांच्या मदतीने दोराने ओढून तू गिअर बॉक्स बाहेर काढलास. क्लचची प्लेट निघाली. ती पार गुळगुळीत झालेली होती. नवी प्लेट तू बारामतीहून आणून ठेवलेली होतीच. मला वाटले, आता काय, झालेच. मी तसे बोललोही. तेव्हा तू मला मोटारीत बोलावून टॉर्चच्या उजेडात ते दाखवलेस.

इंजिनाच्या मागे एक जड लोखंडी चाक असते. त्याच्या मधोमध अंगठा जेमतेम जाईल एवढे भोक आणि त्या भोकाच्या तोंडाशी बसवलेली एक पितळी अंगठी. तिला तू बुश म्हणालीस. गिअर बॉक्समधून आलेल्या दांड्याचे टोक त्या अंगठीत टेकून फिरते. ती अंगठी झिजून लांबट झाली होती. "ही अशीच ठेवली, तर दांडा डुगडुगणार आणि नवी प्लेटही खाऊन टाकणार. ही निघाली पाहिजे," तू म्हणालीस.

"मग काढ."

"कशी? पाठीमागं बंद आहे. धरायला काठ नाही, मागून ढकलायला वाट नाही. पितळ लोखंडाला धरून बसलंय."

मला त्या क्षणी ती वस्तू फार ओळखीची वाटली. देवळाच्या दारातील पितळी कडे जसे वर्षानुवर्षांच्या हातांनी दगडाशी एकजीव होऊन जाते, तशी. मी तसे म्हणालो तर तू म्हणालीस, "वर्णन छान आहे. निघत नाही."

अष्टमीचा सारा दिवस त्या अंगठीने घेतला. तू वाकडी तार करून तिच्यामागे अडकवून पाहिलीस, तार सरळ झाली. रॉकेल सोडलेस, ते नुसते झिरपून गेले. तात्या आपल्या आसनावरून सल्ले देत होते.

"बाई, छिन्नी लावा आन् घाला दोन घाव. फुटून भायेर येतीय का न्हाय बघा."

"आणि भोकाला चरा पडला तर, तात्या?"

"चरा पडला तर पडला. ट्रॅक्टरला काय चरे नस्त्यात व्हय?"

"तुमच्या ट्रॅक्टरचं मला माहीत आहे. तो तुमच्यासारखाच आहे, कसाही बसला तरी चालतो."

तात्या मोठ्याने हसले, तूही हसलीस. परंतु संध्याकाळी ओसरीवर बसून तू हात धूत होतीस तेव्हा साबणाचा फेस काळा होऊन वाहत होता आणि तुझे लक्ष हातांकडे नव्हते, मोटारीकडे होते. उद्या खंडेनवमी. आपल्या घरची रीत अशी की नवमीच्या सकाळी घरातले सारे लोखंड, म्हणजे विळी, कोयता, कुदळ, सुरी, जे जे म्हणून कामाला येते ते, देव्हाऱ्यापुढे मांडून पूजावे, आणि दसऱ्याच्या सकाळी उत्तरपूजा होईपर्यंत त्याला हात लावू नये. म्हणजे नवमीचा अख्खा दिवस तुझ्या हातून जाणार होता.

रात्री जेवताना मी तुला म्हणालो, "विमल, मी पोथीत पाहिलं. अडचणीच्या वेळी रीत वाकवायला शास्त्राची ना नाही. तुझी हत्यारं तू ठेवू नकोस. मी बाकीची पूजतो."

तू ताटावरून मान वर केली नाहीस. नुसते "बरं" म्हणालीस.

आणि सकाळी मी पूजेची तयारी करत असताना तू स्नान करून आलीस. पदरात सगळे पाने. ते रॉकेलच्या फडक्याने लखलखीत पुसलेले. तू ते पाटावर लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीने लावलेस. वर्गात उंचीप्रमाणे मुली उभ्या कराव्यात तसे. आणि म्हणालीस, "मांड पूजा."

मी तुझ्याकडे पाहत राहिलो. आयुष्यात तू या देव्हाऱ्यापुढे हात जोडलेले मला आठवत नव्हते, आणि तू त्या दिवशीही जोडले नाहीस. तू फक्त आपली हत्यारे ठेवून मागे सरलीस.

"अगं, उद्या संध्याकाळी श्रीधर येणार."

"माहीत आहे. गंध लाव, वाळून जाईल."

मी गंध लावले, फुले वाहिली. एवढे मन लावून मी त्याआधी कधी पूजा केली असेल असे वाटत नाही, आणि तरीही सारा वेळ माझे मन विचारत होते, हिने असे का केले? ते विचारण्याचा क्षण तोच होता. परंतु पूजा चालू असताना बोलायचे नसते, आणि पूजा झाली तेव्हा तू तेथे नव्हतीस.

तू स्वयंपाकघरात होतीस. तुझ्या वहिनीचा आवाज मला आतून ऐकू आला. "अहो वन्सं, कणकेचं काय करताय? नैवेद्याची आहे ती!"

"नैवेद्याची वेगळी काढा. मला एक गोळा पुरे."

"गाडीला पोळी घालताय का आता?"

थोड्या वेळाने तू अंगणातून मला ओरडून विचारलेस, "अण्णा, वरवंटा पूजेत येतो का?"

आयुष्यभर लोकांनी मला तिथी विचारल्या, मुहूर्त विचारले. असा प्रश्न कोणी विचारला नव्हता. मी देव्हाऱ्यासमोरून उठलो. तुझ्या एका हातात कणकेचा गोळा, दुसऱ्यात मोडक्या रवीचा दांडा. तो दांडा तू पायरीच्या दगडावर घासून घासून त्या अंगठीच्या मापाचा गोल करून घेतला होतास. आता ठोकायला काही हवे होते, आणि हातोडी तर फुले लेवून पाटावर बसलेली.

मी विचार केला. तो प्रामाणिकपणे केला, हे तुला आज सांगतो, कारण तू नंतर थट्टेने म्हणायचीस की अण्णाने शास्त्रात माझ्यासाठी खिडकी पाडली. तसे झाले नाही. आपल्या घरची रीत लोखंडाची आहे. आजोबांपासून पाटावर लोखंडच येत आले. पाटा-वरवंटा दगडाचा, त्याची पूजा आपल्याकडे वेगळ्या प्रसंगी होते, या दिवशी होत नाही. नवमीला चटणी वाटतोच की आपण. मी म्हणालो, "दगडाला आणि लाकडाला आज मोकळीक आहे."

तात्या आपल्या आसनावर ताठ झाले. "गुरुजी, नीट बघून सांगा. देव काय म्हनतोय, गाडी ठिवा म्हनतोय का इका म्हनतोय?"

"देव काही म्हणत नाही, तात्या. वरवंटा घ्यायला हरकत नाही, एवढंच मी म्हणतोय."

"आणि तो वरवंटा माझा आहे," तुझी वहिनी दारातून म्हणाली, "मला कुणी विचारलं?"

मग तू मला सांगितलेस की काय करणार. त्या अंगठीच्या मागे जी बंद पोकळी आहे, तिच्यात कणीक ठासून भरायची. मग अंगठीतून दांडा आत घालून वरवंट्याने ठोकायचा. दांडा कणकेला दाबणार, कणकेला पळायला जागा नाही, म्हणून ती सगळ्या बाजूंनी सारख्याच जोराने ढकलणार, आणि मागून अंगठीलाही ढकलणार. जेथे बोट पोचत नाही, तार पोचत नाही, तेथे कणीक पोचते.

"मऊ वस्तू कठीण वस्तूला हलवील?" मी विचारले.

"कोंडली तर हलवील."

पहिला घाव तू घातलास आणि फुस्स असा आवाज होऊन कणकेची एक पातळ जिभली दांड्याच्या कडेने सुटली ती थेट माझ्या सोवळ्यावर. दुसऱ्या घावाला आणखी. तात्या पोट धरून हसू लागले. "गुरुजी, नैवेद्य पोचला!" अंगठी जागची हलली नव्हती. तुझा चेहरा मात्र पडला. तू दांडा बाहेर काढून पाहिलास, पुन्हा भरलेस, पुन्हा ठोकलेस, पुन्हा तेच. तू वरवंटा खाली ठेवलास. मला शनिवार संपताना दिसले. तुला मी जन्मापासून पाहत आलो, पण हातातले काम असे खाली ठेवताना पाहिले नव्हते.

तेवढ्यात तुझ्या वहिनीने खाली पडलेली कणीक चिमटीत घेऊन चोळून पाहिली. "वन्सं, ही पुरणपोळीची आहे हो! तेल घालून सैल मळलेली. ही अशीच पळणार. थांबा, पुरीची घट्ट मळून देते. जरा कोरडीच ठेवते."

तू तिच्याकडे असे पाहिलेस की जणू एखाद्या विद्यार्थिनीने फळ्यावरची चूक दाखवून दिली आहे. "वहिनी, हे मला सुचायला हवं होतं."

"तुम्ही कधी पोळ्या केल्यात का?"

घट्ट कणीक आली. तू ती थोडी थोडी करून दांड्याने आत दडपलीस. मी टॉर्च धरला. सोवळे तर केव्हाच गेले होते, आता आणखी काय जायचे. तू वरवंटा उचललास. या वेळी आवाज वेगळा आला. दबका, भरलेला, ओल्या जमिनीवर पाय आपटावा तसा. काही बाहेर आले नाही. तू आणखी कणीक भरलीस, आणखी ठोकलेस. मी अंगठीकडे पाहत होतो, आणि पाहता पाहता तिची कड पूर्वी जेथे होती तेथे नाही असे मला वाटले.

"विमल, ती हलली."

"डोळ्याचा भास असेल. मोजू दे." तू नखाने कड चाचपलीस. मग पुन्हा कणीक भरलीस. त्यानंतर ती पितळी अंगठी, कोणी आतून अलगद पुढे करावी तशी, कणकेची पांढरी शेपटी लावून बाहेर आली आणि तुझ्या तळहातावर पडली. तिला ओरखडा नव्हता. भोकाला ओरखडा नव्हता.

तात्या मोटारीच्या खिडकीतून आत डोकावले. "आता हिला तळा," ते म्हणाले.

तू हसत नव्हतीस. तू त्या अंगठीकडे बघत होतीस, आणि मी तुझ्याकडे. मी विचारले, "पण सगळ्या बाजूंना सारखाच जोर का? कणकेला कसं कळतं की अंगठीकडे जायचं आहे?"

"कळत नाही. ती सगळीकडेच जायला बघते. जे आधी हलतं, तिकडून तिला वाट मिळते."

"तसं का?"

तू आणखी एक पायरी खाली जाऊन समजावलेस, मी आणखी एकदा "तसं का?" विचारले. असे बरेच चालले. शेवटी तू म्हणालीस, "अण्णा, इथून पुढं मला माहीत नाही. असं होतं, हे माहीत आहे. का होतं, याच्या तळाशी मी गेलेली नाही." तू हे इतक्या सहजपणे म्हणालीस! माझ्या क्षेत्रात एवढे म्हणायला माणसे घाबरतात. मी तुझ्याशी त्यानंतरही पुष्कळ वाद घातले; ज्या गोष्टीची वेळ आली ती गोष्ट सुटली, असे मी म्हणायचो आणि तू म्हणायचीस की वेळ येत नसते, दाब येतो. तो वाद अपुराच राहिला. पण त्या दिवसापासून तुझे न मानणे मला कधी परके वाटले नाही.

दसऱ्याच्या सकाळी उत्तरपूजा झाल्याबरोबर तू पाटावरची हत्यारे उचललीस. हळदीकुंकू लागलेल्या पान्यांनीच दुपारपर्यंत काम चालले. प्लेटबरोबर आणलेला नवा बुश नवमीलाच लाकडाने ठोकून बसवलेला होता. नवी प्लेट बसली. तात्यांनी बैठक सोडली आणि दोर खांद्याला लावला. गिअर बॉक्स जागेवर बसेना, आणि मग एकदम बसला. पत्रा आणि बैठकाही परत मोटारीत गेल्या. ऊन कलले तेव्हा श्रीधर गिऱ्हाइकाला घेऊन आला. तुझा एक हात कोपरापर्यंत काळा, दुसऱ्या हातात आपट्याची पाने.

"आत्या, झाली का?"

"बस शेजारी."

मोटार सुरू झाली. तू पाय दाबलास, गिअर टाकलास, पाय सोडलास. मोटार अंगणातून अशी निघाली की जणू रुसलीच नव्हती. तू त्याला थेट कालव्याच्या त्याच पुलावर घेऊन गेलीस, चढावर मोटार मुद्दाम थांबवलीस, आणि तेथून पुन्हा वर नेलीस. हे श्रीधरने मला नंतर सांगितले. परत आल्यावर त्याने खाली उतरून तुझ्या हातात सोने दिले, पायांना हात लावला, आणि गिऱ्हाइकाला म्हणाला, "माफ करा, गाडी विकायची नाही." ते गृहस्थ भले होते. त्यांनी पुरणपोळी खाल्ली आणि शेवटच्या एस.टी.ने गेले.

त्यानंतर तुला किती शनिवार मिळाले! त्यांची मोजदाद मी करणार नाही. ती तुझी श्रीमंती होती.

आता पुन्हा माझ्या प्रश्नाकडे येतो. हत्यारे तू पाटावर का ठेवलीस? मी पुष्कळ दिवस असे धरून चाललो होतो की कणकेची युक्ती तुला रात्रीच सुचली असणार, आणि हत्यारांची गरजच नसल्यामुळे ती देवाला देणे तुला परवडले. हे तुझ्या स्वभावाला शोभणारे उत्तर होते आणि मी त्यात सुखी होतो. परंतु तुझ्या दहाव्यानंतर तुझ्या वहिनीजवळ मी हे बोललो, तेव्हा ती गव्हाचे खडे वेचत होती. हात न थांबवता ती म्हणाली, "छे हो. कणकेचं तर त्यांना पाने ठेवून आत आल्यावर सुचलं. माझा मळण्याचा हात बघत उभ्या होत्या किती वेळ."

"मग ठेवले कशाला?"

"मी विचारलं होतं त्याच दिवशी. म्हणाल्या, काल रात्री अण्णानं मला सूट दिली तेव्हा त्याचा आवाज कसा झाला होता, ऐकलात ना? त्याला आयुष्यात पहिल्यांदा रीत मोडायला लावून मी कुठल्या शनिवारी कुठं जाणार होते?"

मी तिच्यासमोर बसून गव्हाचे खडे वेचू लागलो. मला वाटत होते की मी फार उदारपणे, अगदी सहज स्वरात तुला सूट दिली. तू त्या स्वरातले जे ऐकलेस ते मलाही ऐकू आले नव्हते. मोटार गेली तरी चालेल, एवढा मोठा निर्णय तू ताटावरून मान न उचलता घेतलास, आणि नंतर एवढी वर्षे मला त्याचा मागमूस लागू दिला नाहीस. कोणावर उपकार करून ते त्याच्यापासून लपवणे यालाही काही नाव असेल. मला माहीत असलेल्या शब्दांत ते सापडत नाही.

तुझ्या क्रियाकर्माविषयी तू म्हणाली होतीस, "तुला करायचं ते कर, मला विचारू नकोस, मी तेव्हा नसेन." मी सर्व यथासांग केले. अस्थी संगमावर सोडल्या, त्या तुझ्याच मोटारीतून नेऊन. तात्यांनी चालवली. सारा रस्ता त्यांनी एक थट्टा केली नाही. येताना फक्त म्हणाले, "क्लच अजून लोण्यावानी हाय, गुरुजी."

चौदाव्या दिवशी श्रीधरने विचारले. फार हळुवारपणे विचारले. "बाबा, आता गाडीचं काय करायचं?" त्याचा प्रश्न रास्त होता. घरात मोटार चालवणारे कोणी नाही, माझे वय हे असे. मी त्याला म्हणालो, शनिवारपर्यंत थांब.

शनिवारी मी तात्यांना बोलावले. ट्रंक मोटारीत ठेवली. तुझ्या वहिनीने विचारले, "तुम्ही काय शिकवणार तिथं?" मला ते माहीत नव्हते. निमगाव केतकीच्या शाळेत मुले ओट्यावर वाट बघत होती. मोटारीचा आवाज त्यांना पाठ आहे. तुझ्याऐवजी मी उतरलो. बाई कुठं आहेत, असे त्यांनी विचारले. "आज त्या आल्या नाहीत," एवढेच म्हणालो. मग मी ट्रंक उघडली, भिंग उन्हात धरले, कागद जाळून दाखवला. लोहचुंबकाने खिळे उचलले. जे येत नव्हते तेथे "असे होते, का ते मला माहीत नाही" म्हणालो, आणि मुलांना त्याचे काही वाटले नाही. ती पुढे सरकून बसली. मलाही वेळेचे भान उरले नाही. श्रीधरला मी त्याच संध्याकाळी सांगितले की मोटार राहील, तात्या चालवतील.

पण निघताना मागच्या रांगेतील एका मुलीने विचारले, "गुरुजी, लोहचुंबक चुलीत लाल होईस्तवर तापवला तर त्याची ओढ कुठं जाती?"

मी म्हणालो, मला ठाऊक नाही.

"मग बाईंना इचारून सांगा."

मी "विचारतो" म्हणालो, विमल. येत्या शनिवारी पुन्हा जायचे आहे. कुठे जाते ती?

तुझा,
अण्णा